कापसाचा बोळा

"साळवे सिस्टर, उद्यापासून तुम्ही फ्लोअरला थांबा," मगदूम सर हात धुताधुता म्हणाले. "दुर्बिणीच्या केसला जयमाला उभी राहील."

कोपरापर्यंत साबणाचा फेस, नजर नळाकडे. माझ्याकडे बघून सांगायचा धीर त्यांना झाला नाही. मी "बरं सर" म्हटलं आणि टॉवेल द्यायला वळले. तोही जयमालाने आधीच धरलेला होता.

फ्लोअरला थांबणं म्हणजे काय ते सांगते. ऑपरेशनला दोन सिस्टर लागतात. एक हातमोजे घालून सरांच्या समोर उभी राहते, हत्यारं देते. दुसरी लांब उभी राहते. बटणं चालू-बंद करायची, सलाईन आणून द्यायचं, सरांच्या कपाळावरचा घाम पुसायचा. अठरा वर्षं मी पहिली होते. इचलकरंजीत मगदूम सरांनी दवाखाना काढला तेव्हापासून. सर तोंडाने हत्यार मागत नसत. नुसता हात पसरायचे, आणि बोटं कशी वळलीत त्यावरून मला कळायचं कात्री हवी की चिमटा. हातात हत्यार पडलं की हात परत पोटात. अठरा वर्षांत एकदाही चुकीचं हत्यार दिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

सरांवर माझं प्रेमबीम होतं असलं काही मनात आणू नका. मी लग्न केलं नाही ते माझ्या घरच्या कटकटींमुळे. माझा जीव होता तो त्या पसरलेल्या हातावर. त्या हातात आता दुसरीच कुणीतरी हत्यार ठेवणार होती, आणि मी बटणं दाबणार होते.

हे सत्त्याण्णव सालचं. सरांनी दुर्बिणीचं मशिन घेतलं. टीव्ही, कॅमेरा, गॅसचा सिलिंडर, हातहात लांब काळ्या दांड्यांची हत्यारं. पोटाला चार भोकं पाडायची, आत गॅस भरून पोट फुगवायचं, आणि टीव्हीत बघून पित्ताची पिशवी काढायची. मशिनच्या पाठोपाठ जयमाला तोडकर आली. मूळची बार्शीची, चोवीस वर्षांची, पुण्यात हेच काम शिकलेली. काडीसारखी पोरगी, पण बोलायला खणखणीत.

पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मावशी, ट्रॉली कुठं लावू?"

आता दवाखान्यात मावशी कोण? फरशी पुसते, बेडपॅन उचलते ती. आमच्या रखमामावशी दारातच फडकं घेऊन उभ्या होत्या, त्या फिस्सकन हसल्या. मी म्हटलं, "मी सिस्टर आहे. अठरा वर्षं सिस्टर आहे. डोळे तपासून घे, टीव्ही बघून बघून गेलेत वाटतं."

"चुकलं, सिस्टर," ती म्हणाली. "आमच्याकडं आईच्या वयाच्या बाईला मावशी म्हणतो, म्हणून तोंडातून गेलं."

म्हणजे वर वयही काढलं! त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला खोलीतले दिवे बंद करतात, टीव्ही स्पष्ट दिसावा म्हणून. अंधारात जयमाला सरांना चिकटून उभी. डाव्या हातात कॅमेरा, उजव्या हाताने हत्यारं द्यायची. सरांनी टीव्हीवरून नजर न काढता हात पसरायचा, तिने हत्यार हातात देऊन त्याचं टोक भोकापर्यंत नेऊन सोडायचं. ती कॅमेरा जिकडे वळवील तेवढंच सरांना दिसणार. मी सरांचा हात होते, ही तर त्यांचा डोळा होऊन बसली. मी कोपऱ्यात कॉटरीच्या मशिनजवळ उभी. कॉटरी म्हणजे विजेने मांस कापायचं, रक्त थांबवायचं मशिन. सरांनी पायाने पायडल दाबलं की ते पीं करून ओरडायचं. मला काम काय, तर ते पीं ऐकायचं.

दोन-तीन महिन्यांत सरांचा खांदा धरला. सर उंचीला कमी, सव्वापाच फुटांच्या आत. आमचं टेबल जुनं, एका मर्यादेखाली उतरायचं नाही. त्यात गॅसने पोट फुगलेलं, वर हातभर लांबीची हत्यारं. म्हणजे सर तासभर दोन्ही कोपरं पंख उचलल्यासारखी वर धरून उभे. टीव्ही ठेवलेला कपाटावर, त्यामुळे मान वर. पायडल जमिनीवर कुठेतरी, ते पायाने चाचपायचं. हत्याराच्या कडीत अंगठा अडकून अडकून बधिर व्हायचा. केस संपली की मी त्यांच्या खांद्याला मलम लावून द्यायची.

एकदा मलम लावताना सर म्हणाले, "साळवे, झक मारली आणि हे मशिन घेतलं. विकून टाकू. आपली चिरफाडच बरी."

"बघा बाई तुमचं तुम्ही," मी म्हटलं. पण आतून काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या रविवारी चर्चमध्ये मी गुडघे टेकून प्रार्थना केली, की देवा, सरांचा खांदा बरा करू नकोस एवढ्यात. अजून दोन महिने दुखू दे. अशी प्रार्थना केलेली मी एकटीच असेन त्या चर्चमध्ये.

प्रार्थना पोचली नाही. पुढच्या आठवड्यात जयमालाने हातातल्या फुटपट्टीने सरांचं कोपर ते जमीन असं माप घेतलं. माझ्यासमोर! आणि यंत्रमाग बसवणाऱ्या एका सुताराकडून लाकडाचा रुंद पाट करून आणला, वीतभर उंच, वर रबर ठोकलेलं. सर त्यावर उभे राहिले. पायडल पाटावरच, बरोबर उजव्या पायापुढे. टीव्ही कपाटावरून उतरवून पेशंटच्या पलीकडे, सरांच्या डोळ्यांसमोर ठेवला.

"आणि सर, अंगठा कडीत पार आत घालू नका," ती म्हणाली. "नुसतं पेर टेकवा. हत्यार तळव्यावर राहू दे. असं."

तिने सरांचा अंगठा धरून दाखवला. वीस वर्षं ऑपरेशन करणाऱ्या माणसाला ही शिकवणार हत्यार कसं धरायचं! मला वाटलं सर आता खेकसतील. सरांनी कोपर खाली सोडून बघितलं, दोनदा हत्यार उघडलं-मिटलं, आणि लहान पोरासारखे हसले.

"अगं, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?"

कुणाला म्हणजे मलाच की. अठरा वर्षं जी बाजूला उभी होती तिला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तीन महिने मी मलम चोळत बसले होते, आणि हिने लाकडाच्या एका पाटाने काम उरकलं. पुढे मलमाची ट्यूब वाळून गेली, मी ती कचऱ्यात टाकली.

आता त्या शनिवारचं सांगते. तेवढ्यासाठीच एवढं सगळं सांगितलं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, जयमाला दुपारीच बार्शीला गेली. आईला बरं नव्हतं. "सकाळी पहिल्या गाडीनं येते. सिस्टर, हत्यारं तेवढी धुऊन ठेवाल का?" म्हणाली. मी धुवायला बसले. लांब दांड्यांना बाहेरून काळं आवरण असतं, वीज फक्त टोकाशी जावी म्हणून. हूक नावाचं एक हत्यार असतं, टोकाला आकडी असलेलं, पिशवी लिव्हरपासून सोडवायचं. ते पुसताना माझं नख अडकलं. खिडकीशी नेऊन बघितलं. आवरणाला केसाएवढा तडा गेला होता.

याचा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. जयमालानेच आल्या आल्या आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. तड्यातून वीज बाहेर फुटते. शेजारी आतडं असलं तर ते भाजतं, आणि ते टीव्हीत दिसतही नाही. पेशंट हसत घरी जातो आणि चौथ्या दिवशी फुगलेलं पोट घेऊन परत येतो. मग तो वाचेलच असं सांगता येत नाही. म्हणून ती रोज केस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक दांडीवरून कापसाचा बोळा फिरवायची. तडा असला की कापसाचा तंतू अडकतो. मी त्याला 'बाईंची आरती' म्हणायची, आणि रखमामावशी हसायच्या.

दुसरा हूक कपाटात होता. खराब झालेला बाजूला टाकायचा, नवा काढायचा, दोन मिनिटांचं काम. मी तो तडा गेलेला हूक स्वच्छ धुतला आणि ट्रेमध्ये बाकीच्यांबरोबर ठेवून दिला.

मनाला काय सांगितलं ते पण सांगते. म्हटलं, उद्या तिची आरती आहेच की. सापडलाच तर सापडला. नाही सापडला तर सरांना कळेल तरी, पोरगी किती पाण्यात आहे ते. मध्ये पेशंट आहे हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

पेशंट होती भागीरथी. वहिफणीच्या, म्हणजे मागाचं सूत गुंडाळायच्या, कारखान्यात काम करणारी, दोन लेकरांची आई. महिनाभर घरी बसणं परवडणार नाही म्हणून दुर्बिणीने करून घ्यायला आली होती. टेबलावर झोपताना तिने माझाच हात धरला. "सिस्टर, तुमी हाय न्हवं हितंच?"

"हाय की," मी म्हटलं.

जयमालाची गाडी उशिरा आली. धावतपळत आत आली, हात धुतले, गाऊन घातला. सर पाटावर चढून तयार. चौगुले डॉक्टरांनी भूल दिलेली. जयमालाने ट्रे पुढे ओढला, कापसाचा बोळा उचलला. मी कॉटरीजवळ उभी होते. नजर त्या बोळ्यावर.

"जयमाला, आटप," सर म्हणाले.

तिने बोळा हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, काल हत्यारं तुम्हीच धुतलीत ना? स्वतः?"

"हो."

"मग बघायला नको," ती म्हणाली, आणि बोळा खाली ठेवून दिला.

दिवे बंद झाले.

मी आजवर बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. मेट्रनच्या, पेशंटच्या नातेवाइकांच्या, एकदा तर सरांच्याही. पण त्या पोरीच्या त्या तीन शब्दांएवढं काही लागलं नाही. मी तिला सहा महिने पाण्यात बघत होते, आणि ती माझ्या हातावर डोळे मिटून विसंबत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. "थांब, एकदा बघ" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण नाही बोलले. बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, की काल दिसलं तर कालच का नाही सांगितलं?

चार भोकं झाली, पोट फुगलं. टीव्हीवर पिवळसर चरबी, खाली गुलाबी आतड्यांची वेटोळी. सरांनी पिशवीची नळी मोकळी केली, क्लिपा लावल्या, कापली. मग हात पसरला. जयमालाने हूक दिला. काळी दांडी भोकातून आत गेली, टीव्हीत नुसतं टोक दिसायला लागलं. तडा होता तो भाग पडद्याच्या बाहेर, आतड्याच्या अंगाला कुठेतरी.

पीं.

मी डोळे मिटले.

पीं.

तिसऱ्यांदा पीं व्हायच्या आत मी मशिनचं बटण खाडकन बंद केलं.

"काय झालं?" सर ओरडले. "करंट का गेला?"

"सर, हूक बाहेर काढा. तडा गेलाय आवरणाला."

सरांनी हूक बाहेर काढला. दिवे लावले. जयमालाने बोटाने चाचपलं, आणि मास्कच्या वरचे तिचे डोळे मोठे झाले.

"तुम्हाला कसं कळलं?" सरांनी विचारलं.

खरं बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण बाहेर आलं ते असं: "आत घालताना दिसलं सर. उजेडात चमकलं."

"बघितलंस, जयमाला?" सरांचा आवाज चढला. "ही अठरा वर्षांची नजर! कोपऱ्यात उभी राहून त्यांना दिसतं, आणि तुझ्या हातात असून तुला दिसत नाही? तपासलं नव्हतंस?"

आता ती सांगणार. साळवे सिस्टरनी धुतली होती म्हणून नाही तपासलं, असं सांगणार. मी भिंतीला टेकले.

"नाही सर," जयमाला म्हणाली. "चुकलं माझं."

तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. सरांनी सगळं आतडं वीत वीत करून उलगडून बघितलं. कुठे डाग दिसला नाही. नव्या हूकने पिशवी काढली, टाके घातले. "तरी चार-पाच दिवस इथंच ठेवू तिला," म्हणाले. जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. सहा महिने मी त्या थापेसाठी झुरत होते. लाकडाच्या ओंडक्यावर मारल्यासारखी ती लागली.

हत्यारं धुवायच्या खोलीत मी आणि जयमाला दोघीच. नळ चालू होता.

"दिवे बंद होते, सिस्टर," ती म्हणाली.

मी ट्रेमधली हत्यारं नळाखाली धरली.

"मला जवळ उभी राहून माझा हात दिसत नाही, तुम्हाला कॉटरीच्या कोपऱ्यातून तडा दिसला?" ती माझ्याकडे वळली. "कालच दिसला होता ना?"

मी होय म्हणून मान हलवली.

"माझ्यावर राग होता तर मला थोबाडीत मारायची होती. त्या बाईला दोन पोरं आहेत वो."

"सरांना सांग," मी म्हटलं. "जा, सांग. मी नाही म्हणणार नाही."

तिने नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिली. "सांगितलं तर तुम्ही जाल," ती म्हणाली. "तुम्ही बटण बंद केलंत, तेवढं मी बघितलंय. नाही सांगणार. पण इथून पुढं तुम्ही धुतलेलं प्रत्येक हत्यार मी तुमच्यासमोर तपासणार."

पुढचे पाच दिवस मी घरी फक्त अंघोळीला गेले. दर दोन तासांनी भागीरथीच्या पोटावर हात ठेवून बघायचे, ताप घ्यायचे. मी तिचं अंग पुसताना बघून तिची सासू म्हणाली, "सख्खी बहीण करणार न्हाई एवढं." मी खोलीबाहेर येऊन रडले. दोनदा पीं झालं होतं. त्यातलं एक जरी चुकीच्या जागी पडलं असतं तर? पाचव्या दिवशी तिने भाकरी मागितली. सहाव्या दिवशी चालत घरी गेली.

जयमाला शब्दाला जागली. अकरा वर्षं. रोज सकाळी मी ट्रे तिच्यासमोर ठेवायची, ती कापसाचा बोळा घ्यायची आणि एकेक दांडी पुसून बघायची, मी समोर उभी. कधी टोमणा नाही, कधी वाकडं तोंड नाही. तिचं लग्न झालं, लेक झाली, बारशाला तिने मला पाळण्याची दोरी ओढायला बोलावलं. लेक मला मावशी म्हणायची आणि मला ते गोड लागायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा होताच. आरती म्हणायची माझी छाती पुन्हा झाली नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि भाषण केलं. अर्थातच तीच गोष्ट सांगितली. कोपऱ्यातून तडा कसा दिसला, बाईचे प्राण कसे वाचले. दरवर्षी कुणा ना कुणाला ते सांगायचेच. मी खाली बघत ऐकायची. त्या दिवशी मात्र मला सहन झालं नाही. मी उठले.

"सर, ते खरं नाही," मी म्हटलं. "मला तो तडा आदल्या दिवशीच दिसला होता. धुताना. आणि मी गप्प बसले."

अकरा वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटली.

सर खो खो हसले. "ऐका! श्रेय घ्यायला म्हणून तयार नाही ही बाई! अहो साळवे, आदल्या दिवशी दिसला असता तर तुम्ही गप्प बसला असता? तुम्ही? मी ओळखत नाही का तुम्हाला?" आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "वाजवा टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रखमामावशींनी तर डोळे पुसले. मी जयमालाकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी होती.

दुपारी एक केस होती. मी पदर खोचून शेवटची हत्यारं धुतली. ट्रे नेऊन तिच्यासमोर ठेवला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते तिचे. मला वाटलं, आज ती म्हणेल, राहू दे.

तिने कापसाचा बोळा उचलला आणि पहिली दांडी हातात घेतली.